कोलशेतची भट्टी आणि विटेचा दाणा

विटांच्या भट्टीवर चार वर्षं काढली की कपड्यांतली राख एक वेळ निघते, पण किस्से निघत नाहीत! कोलशेतच्या भट्टीवर मी कारकून होतो. आच सांभाळायचे तुकारामदादा कुंभार.

*

रुजू झालो त्याच आठवड्यात दादा ठाण्याच्या बाजाराला गेलेले. मला वाटलं, आच जास्त तितकी वीट पक्की! दिवसभर लाकडं घालायला लावली.

भट्टी निवल्यावर विटा निघाल्या काळ्याभोर, चकचकीत. मी खूश. दादांनी एक आपटली. दोन तुकडे! आत बघून म्हणाले, "कारकूनबुवा, मला रवा हवा होता, तुम्ही खडीसाखर केलीत!"

माझा चेहरा बघून त्यांनी समजावलं, "आच फार वाढली, फार वेळ राहिली, की मोठा दाणा लहान दाण्याला गिळतो. वीट दिसते पैलवान, पण एका फटक्यात आडवी!"

नोकरी गेलीच म्हणून मी मालकासमोर उभा. दादा मधे येऊन म्हणाले, "आच माझ्याच हातून वाढली."

*

रेल्वेच्या इंजिनियर साहेबाने एकदा थर्मामीटर आणला. भट्टीच्या तोंडाशी धरला आणि फट्! काचेचे तुकडे!

दादा हळहळले, "साहेब, तो ताप बघायचा. आमची भट्टी ठणठणीत आहे!"

*

"मग आच ओळखता कशी?" साहेबाने विचारलं.

"आतला रंग पिकल्या आंब्यासारखा झाला की थांबायचं."

साहेबाने वहीत लिहून घेतलं. मग गंभीरपणे विचारलं, "हापूस की रायवळ?"

*

पुढे दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आचेचा रंगच दिसेना! त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण भाकरी देऊन परत जाणारी त्यांची बायको, येसूबाई, आता भट्टीपाशीच बसू लागली. मी ओळखलं, पण मालकाच्या कानावर घातलं नाही.

नेमकी तेव्हाच कल्याणकडच्या रेल्वेपुलाची ऑर्डर आलेली. विटा नापास झाल्या तर भट्टी बंद!

दादा हळूच विचारायचे, "काय गं?"

"अजून कच्चं हाय. घाला लाकडं."

मग एकदम, "बास! आता बास!"

विटा निघाल्या. साहेबाने एक फोडली, भिंग लावलं. बघतोय, बघतोय...

"फाइन! दाणा बारीक. सगळ्या पास!"

मी तिथेच मातीत बसलो. दादांनी पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले.

साहेब म्हणाला, "तुकाराम, काय नजर आहे तुझी!"

दादा म्हणाले, "साहेब, नजर घरची आहे!"