न मोजलेले नऊ दिवस

भावाच्या मेंढ्यांच्या रानावर व्हर्ना हार्टविगने चौतीस वर्षे, रोज सकाळी नऊ वाजता, पाऊस मोजला. वडिलांमागे जमीन भावाच्या, लिंडसेच्या, नावावर झाली. व्हर्नाचा नवरा तिथल्याच पवनचक्क्या दुरुस्त करी, म्हणून तीही तिथेच राहिली. जमीन सरकारला विकली गेली, तेव्हा तिने पावसाच्या वह्या खोक्यात बांधून भावाकडे दिल्या. "सांभाळ," एवढेच म्हणाली.

त्या रानाचे आता वाळवंटी राष्ट्रीय उद्यान झाले आहे. रविवारी व्हर्नाची लेक ट्रेसी दोघा भावंडांना दिवसभरासाठी तिकडे घेऊन निघाली. वाटेत सात फाटके. लिंडसे नेहमीप्रमाणे मागे बसला होता, कारण फाटक उघडायला पुढे बसलेल्यानेच उतरायचे असते.

"शहात्तर वर्षांची झालेय रे मी, लिंड!"

"म्हणूनच सांगतो, हातपाय हलते ठेव."

लोकर कातरायच्या जुन्या शेडमध्ये प्रदर्शन मांडले होते. काचेच्या पेटीत एक वही उघडी होती आणि खाली पाटी : 'लिंडसे नोस्के यांच्या पर्जन्यनोंदी'. अक्षर व्हर्नाचे होते.

"तुझ्या नोंदी?" तिने विचारले.

"उद्यानवाल्यांनी विचारलं, पर्जन्यमापक कोणाचा? माझाच होता ना?"

"आणि रोज सकाळी तो काय स्वतःच स्वतःला वाचत होता?"

"एवढ्याशा पाटीवरून काय गं!"

व्हर्ना काचेवर वाकली. जून १९७४. अकरा ते एकोणीस या तारखांपुढे तिने आडव्या रेघा ओढल्या होत्या. आता प्रत्येक रेघेवर निळ्या शाईचे गरगरीत शून्य बसले होते.

"हे कोणी केलं?"

"वही अर्धवट दिसत होती, म्हणून मीच भरली. जूनमध्ये इथं वाळवंटात पाऊस पडतोय काय?"

ट्रेसीने बोट ठेवले. "मामा, त्याच बारा जूनला माझा जन्म झाला. मम्मी दवाखान्यात होती."

"हो. आणि मोजायचं तुझ्यावर सोपवून गेले होते," व्हर्ना लिंडसेला म्हणाली. "परत आले तेव्हा मापक वाळूत आडवा पडलेला. म्हणून रेघ ओढली. पाऊस पडला नाही म्हणून नाही, ठाऊक नाही म्हणून."

लिंडसे माशा हाकलत बाहेर गेला. दाराशी अभिप्रायांची वही होती. व्हर्नाने पेन उचलले. पाटीबद्दल तिने अक्षरही लिहिले नाही. लिहिले ते इतकेच :

'जून १९७४, ११ ते १९ : शून्य नव्हे. मोजलेले नाही. — व्ही. हार्टविग, नोंद करणारी.'

मग ती गाडीकडे गेली आणि मागे, लिंडसेच्या जागेवर बसली.