प्रसादाचा खोका

श्रीखंडाचे रिकामे डबे कोणी मुद्दाम साठवत नाही. एक दिवस माळ्यावर हात घालावा आणि सगळे अंगावर कोसळावेत! आमच्या महिला मंडळाच्या किश्शांचं तसंच झालंय. कुणी नुसतं 'समाजकार्य' म्हटलं तरी माझ्या डोक्यावर दोनचार येऊन आदळतात.

मंडळ नॉयडातलं. नॉयडा तेव्हा नवं नवं होतं. दिल्लीतल्या सरोजिनी नगरचे सरकारी क्वार्टर सोडून आम्ही हप्त्यांवर फ्लॅट घेतले होते. घरात केबल, बाल्कनीत इन्व्हर्टर, आणि सोसायटीची भिंत संपली की लगेच जुनं गाव, म्हशी आणि गोवऱ्यांचे ढीग. मराठी घरं मोजकीच, पण मंडळ हवं म्हणजे हवंच. अध्यक्ष शुभदाताई. त्यांचे यजमान मिनिस्ट्रीत बऱ्याच वर होते, आणि ऑफिस सुटल्यावर त्यांचा हुद्दा शुभदाताई वापरायच्या.

* * *

अध्यक्ष शुभदाताई असल्या तरी कायदा लिमयेकाकूंचा. काकू मंडळात सगळ्यांत मोठ्या आणि सोवळ्याच्या एकदम कडक. हळदीकुंकू असो, आरती असो, जिला 'अडचण' असेल तिने यायचं नाही, पण काकूंना आधी फोन करायचा. पाळी हा शब्द मंडळात कुणी उच्चारायचं नाही. "काकू, आज जमत नाहीये" एवढं म्हणायचं. काकू "बरं" म्हणून फोन ठेवणार. पण डोक्यात सगळं पक्कं!

एकदा आमची वैशाली लागोपाठ सगळ्या कार्यक्रमांना हजर राहिली, एकही फोन न करता. संक्रांतीला काकूंनी तिला वाण दिलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टरकडे जाऊन आलीस का गं?" वैशालीला स्वतःलाच तोवर पत्ता नव्हता. नवऱ्याला बातमी मंडळातून कळली.

काकूंची सत्तरी आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये साजरी केली. सत्तर दिव्यांनी ओवाळलं. आभार मानताना काकू म्हणाल्या, "या वयाचं एक बरं आहे. मला कुणाला फोन करावा लागत नाही."

* * *

आता मूळ विषय. तो पूनममुळे निघाला. पूनम म्हणजे माझ्याकडे भांडी घासणाऱ्या शीलाची मुलगी, नववीतली. गणितात अशी तेज की माझ्या मुलाचे भागाकार उंबऱ्यात उभ्याउभ्या तपासायची. पण दर महिन्याला चारपाच दिवस शाळा बुडवायची, कारण घरात जुन्या चादरीचे तुकडे होते, आणि एकदा भर वर्गात तो तुकडा सरकला होता. मी माझ्या कपाटातलं पॅडचं पाकीट द्यायचे, पण ते घरी गेलं की आई, वहिनी, मोठी बहीण यांच्यात वाटलं जायचं. वहिनीची गरज खोटी नव्हती, कुणाला काय बोलणार? शाळेतच मिळालं असतं तर ते तिचं राहिलं असतं.

शीला एक दिवस ओट्याशी उभी राहून शांतपणे म्हणाली, "दीदी, एक बार और घर बैठी तो नाम कटवा दूँगी. दो कोठियाँ देख रखी हैं उसके लिए." म्हणजे धुण्याभांड्याला दोन बंगले.

म्हणून मी मंडळात म्हटलं की दर संक्रांतीला आपण तेच प्लास्टिकचे डबे एकमेकींना वाटतो. मी दिलेला डबा दोन वर्षांनी फिरून माझ्याच घरी आलाय. त्यापेक्षा गावातल्या शाळेत पॅड देऊ या. सगळ्यांना पटलं. मग पूर्ण मीटिंग गेली ती नाव शोधण्यात! कारण नोटीस लिफ्टमध्ये लागणार आणि लिफ्टमधून पुरुषही जातात. 'ऋतुगंध' सुचलं. काकू म्हणाल्या, "गंधाचं कशाला काढता?" शेवटी 'उमलत्या कळ्या' ठरलं. पुढे आठवडाभर लोक मला विचारत होते की बागकामाचा क्लास कधी सुरू होतोय.

* * *

पाठिंबा द्यायला पुरुषही आले. एक परांजपे होता, गुडगावच्या मल्टिनॅशनलमधला. नवाकोरा लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने प्रेझेंटेशन दिलं. टार्गेट, रोडमॅप, स्केल-अप. संपूर्ण वेळ त्याने 'प्रॉडक्ट' म्हटलं आणि नजर स्क्रीनवरून काढली नाही. शेवटच्या स्लाइडवर सुचवलं की बजेट बघता दर मुलीला वर्षातून एक प्रॉडक्ट द्यावं.

बायकांनी माना खाली घातल्या. काकूंनी तेवढ्यात विचारलं, "अरे, तू दाढी वर्षातून एकदा करतोस का?"

परांजपेने लॅपटॉप मिटला. तो त्यानंतर दिसला तो थेट गणपतीत, मोदकाच्या रांगेत.

* * *

खरेदीला मी आणि काकू पहाडगंजला गेलो, होलसेलवाल्याकडे. दुकानदाराने सवयीने प्रत्येक पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. मी म्हटलं, भैया, अख्खा खोका घेतोय, कशाला गुंडाळताय? तर त्याने खोकाच वर्तमानपत्रात गुंडाळला, वरून काळ्या प्लास्टिकची पन्नी. काकूंना फार समाधान वाटलं.

सोसायटीच्या गेटवर गार्डने विचारलं, माताजी, इसमें क्या है? मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "प्रसाद."

गार्ड भला माणूस. चपला काढल्या, खोका डोक्यावर घेतला आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत सोसायटीच्या मंदिरात नेऊन देवापुढे ठेवला. आम्ही पोचेपर्यंत मंदिराला कुलूप लागलं होतं, किल्ली पंडितजींकडे आणि पंडितजी घरी, गाझियाबादला. सकाळच्या आरतीनंतर त्यांनी पन्नी फाडली, आत डोकावले आणि खोका पुन्हा मिटला. त्या दिवशी भक्तांना खडीसाखरेवर भागवावं लागलं. काकू दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. मला मात्र हसू आवरेना. म्हटलं, काकू, देवाला चाललं की!

"देवाचं मला सांगू नकोस," काकू म्हणाल्या. पण त्या दिवसापासून जरा विचारात असायच्या.

* * *

शाळेत उद्‌घाटनाचं भाषण शुभदाताईंनी केलं, शुद्ध हिंदीत. 'नारी', 'स्वच्छता', 'वो विशेष दिन', 'प्रकृति का वरदान'. मूळ गोष्टीच्या भोवती अशा फिरल्या की शिवल्या मात्र कुठेच नाहीत. मुली टाळ्या वाजवत होत्या. आभार मानताना हेडमास्तर म्हणाले, मॅडमने दाँतों की सफाई के बारे में बहुत अच्छा बताया!

पण पाकिटं वाटली गेली, हे खरं. माघात वाटली, फाल्गुनात वाटली, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वाटली. पूनम त्या महिन्यांत एक दिवस घरी बसली नाही. शीला मला म्हणाली, पढ़ने दो, देखेंगे. त्या दोन कोठ्यांचं नाव तिने काढलं नाही. मला इतका आनंद झाला की मी शुभदाताईंच्या घरी जाऊन त्यांच्या नव्या सोफ्याचं कौतुक करून आले.

* * *

मग श्रावण आला. शुभदाताईंनी फर्मान काढलं की पवित्र महिना आहे, श्रावणात असलं काही नको. मी विचारलं, मुलींची पाळी श्रावणात थांबते का? त्या म्हणाल्या, तू फार स्पष्ट बोलतेस. काकू गप्प होत्या. मला त्यांचाच जास्त राग आला, कारण त्यांच्या एका शब्दावर फर्मान फिरलं असतं.

त्या महिन्यात पूनम घरी बसली. शीलाने शाळेत जाऊन नाव काढून घ्यायचं बोलणंही करून ठेवलं. मी हातापाया पडले तेव्हा म्हणाली, गणपतीतल्या सोमवारपासून सहामाही आहे, ती दिली तर ठीक, नाहीतर दसऱ्यापासून कामाला. आता सगळं गणपतीतल्या वाटपावर होतं.

* * *

आणि गणपतीतलं वाटप शुभदाताईंनी सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवलं, मखरासमोर! कारण प्रमुख पाहुण्या म्हणून यजमानांच्या साहेबांच्या मिसेस येणार होत्या, आणि त्या शाळेच्या गल्लीत गाडी घालायला तयार नव्हत्या. मुलीच इकडे आल्या, निळ्या युनिफॉर्ममध्ये, तेल लावून वेण्या घातलेल्या. मोदकांचा वास, समया, फोटोग्राफर. पूनम पुढच्या रांगेत पोट धरून बसलेली. मी ओळखलं. पाळी आजच आली होती, आणि ती या पाकिटासाठीच उठून आली होती.

शुभदाताईंनी माइक घेतला. प्रेमळ आवाजात म्हणाल्या, "जिन बेटियों की तबीयत आज ठीक नहीं है, वो कृपया बाहर बैठें. अंदर बाप्पा विराजमान हैं."

मुलींना ही हिंदी बरोबर कळली. पूनम उठली. तिच्यामागे आणखी दोघीतिघी उठल्या. बाहेर पायऱ्यांवर, चपलांच्या ढिगाशेजारी जाऊन बसल्या. आणि आत वाटप सुरू झालं. एकेक मुलगी, एकेक पाकीट, एकेक फोटो. प्रत्येक पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, त्यामुळे पाहुण्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की आपण वह्या वाटतोय.

मी शुभदाताईंच्या कानाशी जाऊन म्हटलं, "बाहेरच्यांना कधी देणार?"

"त्यांना पुढच्या महिन्यात. त्या रांगेत नव्हत्या ना."

पॅड वाटायचे आणि ज्यांना आज लागतायत त्यांनाच सोडून वाटायचे! मी काकूंकडे पाहिलं. काकू मखराशेजारी खुर्चीत बसल्या होत्या, रेशमी साडी, नाकात नथ, मांडीवर आरतीचं तबक. आरती दरवर्षी त्याच सांगायच्या. त्या दाराबाहेर बघत होत्या.

मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. तबक शुभदाताईंच्या हातात दिलं. वाकून उरलेल्या पाकिटांचा खोका उचलला आणि दाराकडे निघाल्या.

शुभदाताई माइक हातात असल्याचं विसरून म्हणाल्या, "अहो काकू, निघालात कुठे? आरती व्हायचीय!" सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

काकू उंबऱ्याशी थांबल्या.

"तुम्हीच सांगा आज. मला अडचण आलीय."

आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या, पूनमच्या शेजारी.