आबांच्या तांदळाबद्दल बोलायचं होतं

मंडळी, आज दुपारी सासऱ्यांशी, म्हणजे आबांशी बोलताना मला शब्दच सापडेनात, म्हणून लिहितेय.

आमची ईरा आठ महिन्यांची आहे. तिच्यासाठी आबांनी चंदगडला भाताचं एक खाचर वेगळं लावलं होतं, औषधाचा थेंब न मारता. त्या तांदळाचं पोतं घेऊन आज ते एसटीनं कोल्हापुरात आले.

आणि सकाळीच डॉक्टर मला म्हणाले होते, "बाळाला तिन्ही वेळा भातच नको. भाताचं पीक जमिनीतलं, पाण्यातलं आर्सेनिक हे विषारी द्रव्य ओढून घेतं. नाचणी, ज्वारीही द्या. भात जास्त पाण्यात शिजवून वेळून घ्या, वरचं पाणी टाकून द्या."

मी कसंबसं आबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मी औषध मारल्यालं न्हाय की."

"आबा, ते मातीतूनच येतं. यात तुमची चूक नाही. आपल्या तांदळात असेलच असंही नाही, तपासल्याशिवाय कळत नाही."

ते बराच वेळ ईराच्या तळपायावरून बोट फिरवत बसले. मग उठून त्यांनीच पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळभर तांदूळ पिशवीत बांधला आणि माझ्या हातात दिला.

"तपासून आण पोरी. काय निघालं तर मला खरं सांगायचं. म्हाताऱ्याला वाईट वाटंल म्हणून लपवायचं न्हाय. पुढच्या खेपंला नाचणी आणतो."

मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि तिथंच डोळे पुसले.

आपल्या माणसानं मायेनं आणलेल्या अन्नाबद्दल असं काही सांगायची वेळ आली, तर तुम्ही सुरुवात कशी कराल?