आमच्याकडेच असते

"हॉस्टेलला नाही हो ताई, आमच्याकडेच असते. सातच्या आत घरात. आणि गाते काय छान!"

काकू फोनवर होत्या. मी धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन जिन्यातच थांबले. पलीकडे कुठल्यातरी मुलाची आई असणार.

काकू म्हणजे बाबांच्या मित्राची बायको. एमएसाठी मी अमेरिकेत आले, तेव्हा बाबांनी मॉरिसव्हिलला त्यांच्याच घरी माझी सोय लावली. माझ्या प्रबंधाचा विषय होता रीजन्सी काळातल्या, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या, खानदानी मुली: त्या कुठे राहत, काय शिकत. राहायचं लग्नापर्यंत वडिलांकडे, नाहीतर नात्यातल्या कुणाकडे. शिकायचं पियानो, फ्रेंच, भरतकाम, पाहुण्यांना दाखवण्यापुरतं. लॅटिन भावांना. त्यांची पत्रं वाचून मला त्यांची कीव यायची. दिवसभर कीव करायची आणि शनिवारी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, काकूंनी "गा गं एखादं" म्हटलं की मुकाट्याने गायचं! काका व्हिडिओ काढायचे. ते व्हिडिओ कुठे जातात, हे मी कधी विचारलंच नाही.

"बायोडेटा मीच केलाय, पाठवते," काकू म्हणाल्या. "पीएचडी? छे हो, ते सिएटलचं तिच्या बाबांनी कॅन्सल केलं. मुलींनी किती शिकायचं हो!" आणि हसल्या.

सिएटलच्या विद्यापीठाने मला घेतलं होतं, फेलोशिपसकट. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. बाबांना सांगून दोन आठवडे झाले होते. ते "बघू" म्हणाले होते. काय बघितलं, ते मला असं जिन्यात कळलं.

माझे कान तापले. माझं सगळं शिक्षण इंग्लिशमध्ये झालं, त्यामुळे मराठीत भांडायला मला शब्द सापडत नाहीत. इंग्लिशमध्ये सापडतात, पण त्या भाषेत काकूंशी भांडणं उद्धटपणाचं वाटतं. म्हणून आजवर दोन्हींत गप्प.

खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. होकाराचं बटण दाबलं. खाली आले तेव्हा काकू फोन ठेवत होत्या.

"कपडे झाले का गं? चहा टाकतेस?"

"काकू, मी सिएटलला जातेय. आत्ताच कळवलं त्यांना. बाबांना तुम्ही फोन करू नका, मी करते."