आभाराचं पान

रोही, म्हणजे नीलगाई, मोजणारा प्राध्यापक म्हटलं की मेहकरात लोक हसत. सकलैन सरांना त्याची सवय झाली होती. कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवत, शेजारच्या वर्गात मी मराठी. दिसलेल्या रोह्यांवरून न दिसलेले किती असतील, याचं गणित मांडायचा त्यांना नाद. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून रविवारी ते जानेफळच्या शिवारात ठरलेल्या वाटेनं चालत. सोबत एकच मित्र, शाळेपासूनचा, जानेफळचाच शेतकरी भागवत. सर बघायचे, तो वहीत लिहायचा.

ते बीटी कपाशीचे दिवस. अळी येणार नाही म्हणून महागाचं बियाणं घ्यावं, तर अळी आलीच. उरलंसुरलं रोही फस्त करत. जिथं रोही जास्त, तिथं सरकारी तारेचं कुंपण मिळणार होतं. मोजणी सरांकडे आली. जानेफळ धरून शेजारशेजारच्या तीन गावांनी मिळून चारशे वीस कळवले. सरांचं गणित काही केल्या जुळेना.

"काऊन बे, तोंड पाडून बसला?" सरांच्या घरी चहा पिताना भागवतनं विचारलं. अडचण ऐकून तो हसला. "अबे, सकाळी आम्ही त्याहिले शेजारच्या गावात हाकलतो. ते लोक पुढच्या गावात. संध्याकाळी वापस आमच्याकडं! सारे आपापले मोजतात."

एकच कळप तीनदा मोजला होता. खरा आकडा एकशे चाळीस.

तो लिहिला तर भागवतचंही कुंपण जाणार होतं. आठवडाभर सर धड जेवले नाहीत. शेवटी खरं तेच लिहिलं. मला त्यांचा अभिमान वाटला, आजही वाटतो. पण हा भला माणूस तिथं थांबला नाही. माहिती देणाऱ्याचं नाव घ्यायचं, ही विद्यापीठाची शिस्त अंगात मुरलेली. पहिल्याच पानावर छापलं, हाकलण्याची रीत लक्षात आणून दिल्याबद्दल जानेफळच्या श्री. भागवत यांचे मनःपूर्वक आभार.

कुंपण दुसऱ्या तालुक्यात गेलं. अहवाल ग्रामपंचायतीत मोठ्यानं वाचला गेला. भागवतच्या शेतात वेचणीला बायका येईनात.

सरांसोबत मीही गेलो. भागवत आणि त्याची बायको विमलबाई, दोघंच वेचत होती.

"तुझा मान म्हणून छापलं रे," सर म्हणाले.

भागवतनं वर पाहिलं नाही. "आकडा खरा होता, त्याचं मले काही नाही. पण मी तुले सांगितलं होतं. सरकारले नाही."

सरांनी एका बोंडाला हात घातला.

"राहू द्या भाऊ," विमलबाई हळूच म्हणाल्या, "लोक पाहून राह्यले."