रिटायर नव्हे, डिस्चार्ज

आमच्या शेजारचे नानासो मिरजेच्या एका दवाखान्यात बत्तीस वर्षं वॉर्डबॉय होते. शिक्षण सातवी, पण पेशंटला घरी सोडतानाची कार्डं वाचून वाचून त्यांना इंग्रजी शब्दांचा असा नाद लागला की विचारू नका. नाद कसला, संशयच. कार्डावर ‘क्युअर्ड’ असलं तर रोग गेला. ‘रिलीव्ह्ड’ असलं तर नुसतं दुखणं कमी झालं, रोग आत तसाच. नातेवाईक पेढे वाटायचे आणि नानासो कोपऱ्यात उभे राहून मान हलवायचे. “एका शब्दात फसवत्यात,” म्हणायचे.

ही खोड दवाखान्यातच राहिली असती तर बरं झालं असतं. पण मुलगी अंकिता लग्नाची झाली आणि स्थळांचे बायोडाटे घरी येऊ लागले. एकाने ‘बी.ई. अपिअर्ड’ लिहिलं होतं. “अपिअर्ड म्हंजे परीक्षेला बसला. पास झाला आसता तर पास लिवलं नसतं व्हय?” मुलगा खरोखरच नापास निघाला आणि नानासोंना आणखी चेव आला. दुसऱ्याने ‘सेपरेटेड’ लिहिलं होतं. बायकोपासून वेगळा राहतो, पण सुटलेला नाही, हेही त्यांनी बरोबर ओळखलं. तिसरा बिचारा ‘जॉब’ऐवजी ‘वर्क’ लिहिलं एवढ्यावरच गेला. असं करत अंकिता बत्तीस वर्षांची झाली. मला तर त्या माणसाचा राग यायचा.

मग कोरेगावकडचं स्थळ आलं. वीरधवल, वय पस्तीस, सतरा वर्षं फौजेत काढून आलेला. अंकिता त्याच्याशी फोनवर दोनदा बोलली होती आणि तिला तो आवडला होता, हे तिनेच माझ्या बायकोला सांगितलं होतं. बायोडाट्यात मात्र लिहिलेलं, ‘आर्मीतून डिस्चार्ज’.

“डिस्चार्ज आजाऱ्याला मिळतो,” नानासो मला म्हणाले. “धडधाकट माणूस रिटायर हुतो. ह्येला काय झालं हुतं ते कळल्याबिगार मी पोरगी देत न्हाई.”

बघायला आले त्या दिवशी मीही होतो. पोहे खाऊन व्हायच्या आत नानासोंनी विचारलंच, “फौजेत कुटला आजार झाला हुता?”

वीरधवलचे वडील लालासाहेब यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वीरधवलने पिशवीतून फौजेचं पुस्तक काढून समोर ठेवलं. नानासोंनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. नोकरीची मुदत पूर्ण, एवढंच होतं. आजाराचं कुठे नावही नव्हतं.

“मग रिटायर का न्हाई लिवलं?”

“मामा, रिटायर सायब लोक हुत्यात,” तो शांतपणे म्हणाला. “आमच्यासारख्यांना डिस्चार्जच म्हंत्यात.”

नानासोंनी चष्मा काढून पुस्तक मिटलं. त्यांच्या दवाखान्यातून डॉक्टर निवृत्त झाले की शाल, श्रीफळ, भाषणं व्हायची. नानासोंना शेवटच्या दिवशी ऑफिसच्या खिडकीतून नोकरी संपल्याची एक चिठ्ठी मिळाली होती. सही करा म्हणाले, त्यांनी केली आणि चालत घरी आले.

लालासाहेब उठले. “चल रं. जितं माणसाआदी कागद बगत्यात, तितली सोयरीक नगं आपल्याला.”

नानासो हात जोडून उभे राहिले. बापलेक दारापर्यंत गेले, तेवढ्यात अंकिता आतून बाहेर आली.

“आबा, सा स्थळं तुमी घालवली,” ती म्हणाली. “त्यात मला एकदा तरी ईचारलं का?” मग ती वीरधवलकडे वळली. “मी पसंत हाय का तुमाला?”

वीरधवलने वडिलांकडे पाहिलं नाही. “व्हय,” म्हणाला.

“मला बी तुमी पसंत हाय. बसा.” आणि बापाकडे न बघता ती म्हणाली, “आता ह्या ‘व्हय’चा दुसरा अर्थ काडू नका, आबा.”