भाऊजींच्या वावरात नांगर

माझा नवरा जन्मभर मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये राबला आणि रिटायर होऊन समुद्रपूरला परतला. गावाच्या नावात समुद्र, बाकी चहूकडे कपाशीची पऱ्हाटी. जहाजाच्या पोटात राहिल्यामुळे त्याला समुद्र असा फारसा दिसलाच नव्हता. ती हौस आता भागवायची म्हणून त्याने गोव्याहून एक जुनी शिडाची होडी ट्रकवर घालून आणली आणि खटपट करून धरणात सोडायची परवानगीही मिळवली.

पहिल्या लांबच्या सफरीला आम्ही तिघं होतो. तो, मी आणि माझी मोठी नणंद, जिला सगळं गाव बाई म्हणतं. बाईंना शिडाचं काही कौतुक नव्हतं. त्यांच्या सासरची जमीन या धरणाखाली गेली आहे.

"माह्या वावरावून चक्कर मारून येतो," एवढंच म्हणाल्या आणि आलूबोंड्यांचा डबा घेऊन चढल्या.

दुपार कलताना आम्ही एका टेकडीच्या आडोशाला शिरलो. पाणी तिथे आत वळून निवांत झालं होतं. मी हात घातला तर अंघोळीच्या बादलीसारखं कोमट. नवऱ्याने शीड उतरवलं. त्याचा चेहरा इतका आनंदी झाला होता की तसा आमच्या लग्नातही पाहिल्याचं मला आठवेना.

"इथंच नांगर टाकू," तो म्हणाला.

"थांब!" बाई ओरडल्या. "वावर कोनाचं हाय, पाह्यलं काय?"

"बाई, पाणी हाय हे."

"पाणी वरून हाय. खाली माह्या दिराचं वावर हाय. त्याच्या वावरात नांगर टाकू नको."

हे दीर म्हणजे त्यांचे चुलत दीर. दोन्ही वावरांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बाईंचे यजमान आणि ते कोर्टात गेले होते. निकाल लागायच्या आत धरण आलं. धुरा बुडाला, भांडण मात्र तरंगत राहिलं. यजमान वारले तरी दोन घरांत बोलणं नव्हतं.

बाईंनी समोर बोट केलं. गिरडची टेकडी त्या काठावरच्या पळसाच्या डोक्यावर दिसली की आपलं वावर. नवरा खूश झाला. जहाजावरही अशाच खुणा धरतात, म्हणाला, आणि वल्ही मारत होडी बाईंच्या 'हद्दीत' नेली. नांगर सोडला, त्यामागे साखळी गेली, साखळीमागे दोर गेला. मग आम्ही डबा उघडला.

वारा कधी वाढला ते कळलं नाही. बाईंनी दुसरा आलूबोंडा उचलला आणि त्यांचा हात तसाच राहिला. गिरडची टेकडी पळसाला सोडून भलतीकडे गेली होती.

"अरे, आपन सरकून राह्यलो!"

नवऱ्याने दोराला हात लावला. "गाळ मऊ हाय. नांगर घासत चालला."

"म्हंजे त्याच्या वावरात आपन नांगर फिरवून राह्यलो?" बाईंनी कपाळावर हात मारला. "आता तो मले कोर्टात उभी करते!"

तेवढ्यात होडीला असा हिसका बसला की बाईंचा आलूबोंडा पाण्यात पडला. नांगर कशात तरी अडकला होता. नवऱ्याने ओढला, मी ओढला, पदर खोचून बाईंनीही ओढला. हलेना. खाली काय आहे हे सांगू शकणारा माणूस एकच होता. बाईंनी त्या दिरांचा नंबर मोबाइलमधून केव्हाच उडवला होता, पण पाठ होता.

"भाऊजी, मी बोलतो. तुमच्या वावरात आमचा नांगर अडकला."

पलीकडून प्रश्न आला, "कोनी टाकला?"

"टाकला आमच्याच वावरात होता. हवेनं आला."

खुणा विचारून झाल्यावर भाऊजी खवळले. "ते माहं वावर नाई! ते तुमचंच!"

"माहं कसं? तुमचंच हाय ते!"

ज्या पट्ट्यासाठी दोन घरांनी वकील लावले होते, तो आता दोघंही एकमेकांच्या गळ्यात मारत होते. नवरा दोर धरून माझ्याकडे बघत होता, मी पदरात तोंड लपवलं होतं. शेवटी भाऊजी म्हणाले, "वहिनी, थांबा. मी येऊन राह्यलो."

मोटारसायकलवर आले. काठावरून आधी ओरडून सूचना दिल्या. "डाव्या अंगानं ओढा! तिथं बोरीचं खोड हाय!" आम्ही ओढलं. "उजव्या अंगानं!" तेही ओढलं. मग एका मासेमाराच्या डोंग्यातून स्वतः होडीवर आले आणि चौघांनी मिळून ओढलं. होडीच तिरपी झाली. अखेर नवऱ्याने जड मनाने दोर कापला.

दोराच्या तुकड्याकडे पाहत भाऊजी हळूच म्हणाले, "बोर धुऱ्यावरची होती. ना तुमची, ना आमची."

"गोड होती मात्र," बाई म्हणाल्या आणि डबा त्यांच्यापुढे सरकवला.

भाऊजींनी उरलेले सगळे आलूबोंडे संपवले. उतरायचं नाव घेईनात. आपली विहीर कुठे होती ते दाखवायचं म्हणून त्यांनी आम्हाला तिन्हीसांजेपर्यंत फिरवलं. विहीर प्रत्येक वेळी वेगळ्या जागी निघाली आणि बाईंनी प्रत्येक वेळी ती चूक ठरवली. काठाला लागल्यावर, नांगर नसल्याने, होडी बाभळीला बांधली.

"उद्या घरी येजा जेवाले," बाई म्हणाल्या.

"पाहू," असं तुटक म्हणून भाऊजींनी गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी ते आले, सुना-नातवंडांसकट. भाजी पुरली नाही.